अठरा उपाशी ओळी

(मुलांनो, जरा वेळ डोळे मिटा आणि परंड्याजवळच्या एका गावाचं शिवार डोळ्यांपुढं आणा. श्रावण चालू आहे, दुपार कलली आहे. एकरभर मक्याचं पीक माणसाच्या छातीला लागलंय. वरच्या बांधाच्या एका कोपऱ्याला निंब, दुसऱ्या कोपऱ्याला विहीर, खालच्या टोकाला ओढा, आणि मक्याच्या सगळ्या ओळी वरून खाली ओढ्याकडं गेलेल्या. निंबाखाली तिघं उभी आहेत. रानाचे मालक व्यंकट. वीस वर्षं त्यांच्या रानात कामाला येणाऱ्या केशरबाई. आणि व्यंकटची सातवीतली मुलगी शिवलीला. तिच्या पायाशी दुधाची भरलेली किटली आहे, आणि किटलीशेजारी निळ्या धडप्यात बांधलेलं एक गाठोडं. शिवलीला सगळीकडं बघते आहे, फक्त त्या गाठोड्याकडं बघत नाही. का बरं? आता नुसतं ऐका.)

केशरबाई: ...मग दावा की व्यंकटराव. म्या खत चोरलं म्हणता न्हवं? मग ह्या रानात कुटं तरी खत न मिळालेली ओळ आसलच. तेवढी दावा, म्या गुमान घरला जाती.

व्यंकट: आवाज खाली करा, केशरबाई. शेजारी माणसं हायत रानात.

केशरबाई: काल सांच्याला डेअरीवर किती माणसं हुती? तवा तुमचा आवाज खाली हुता का?

व्यंकट: माझा युरिया हाय. परंड्याला दोन दिवस रांगेत उभा राहिलो. नंबर आला तर मशीनवर अंगठा उमटंना, पुन्हा मागं जाऊन उभा. तेव्हा कुठं मिळाला. त्यातलं कुणी लपवलं तर मी काय गप्प बसू?

केशरबाई: गप बसा म्हणलं का? इचारा म्हणलं. घरला येऊन इचारायचं. तुमी काय केलं? गाठोडं उचललं, डेअरीच्या काट्यावर नेऊन ठिवलं, आन सगळ्यास्नी म्हणालात, बघा केशरबाईची कमाई.

व्यंकट: धडपं कुणाचं हाय ते?

केशरबाई: माजंच हाय. म्या कवा न्हाय म्हणलं?

व्यंकट: निळं, पिवळ्या फुलांचं. खत टाकताना तुमच्या कमरेला असतंय, अख्ख्या गावाला ठावं हाय. गाईला पेंढी काढायला मी कडब्याच्या गंजीत हात घातला आणि हाताला हे लागलं. साडेसात किलो युरिया. ओल लागू नये म्हणून आतनं प्लॅस्टिकची पिशवी. एवढी काळजी कुणी घेतली?

केशरबाई: धडपं म्या हिरीवरच्या मोटारीच्या कोठीत खिळ्याला अडकवून गेल्ते. खताचा पहिला हप्ता टाकला त्याच दिवशी. मागनं हुडकलं तर गावना.

व्यंकट: म्हणजे खिळ्यावरनं उठून ते चालत गंजीत जाऊन बसलं.

केशरबाई: करा चेष्टा. काल लोक बी हसले. आज सकाळच्याला मातुर कुणी हसलं न्हाय. रोज चार बाया दारात येत्यात, काकू चला म्हणून. आज खुरपणीला माज्या दारावरनं गेल्या आन एकीनं बी हाक मारली न्हाय. ती अयोध्या, जिला खुरपं धरायला म्या शिकवलं, ती बी मान खाली घालून गेली.

व्यंकट: त्याला मी काय करू?

केशरबाई: तुमी एक केलंय ते ठावं हाय मला. काल सकाळपतूर म्या तुमची केशरकाकू हुते. सांच्यापासनं केशरबाई झाले.

शिवलीला: पप्पा, दूध घालायला उशीर होईल.

व्यंकट: गाडीला अजून अर्धा तास हाय. तू मधी बोलू नको.

केशरबाई: बोलू द्या की. ती बी हुती त्या दिवशी. निंबाच्या अंगाच्या ओळी तिनं धरल्या, हिरीच्या अंगाच्या म्या. शिवे, सांग गं तुझ्या बापाला, म्या चिमूट कशी धरायला शिकवली तुला?

शिवलीला: तीन बोटांची.

केशरबाई: आन कुटं टाकायची?

शिवलीला: झाडापासून चार बोटं लांब. बुडात नाही टाकायची. आणि वरून माती सारायची.

केशरबाई: ऐकलं? वीस वर्सं झाली, ही चिमूट ना वाढली ना घटली. म्या साडेसात किलो काढून ठिवलं आसतं, तर तेवढी झाडं पिवळी पडून बोंबलली आसती. मका लई खादाड. तिला लपवाछपवी जमत न्हाय.

व्यंकट: सकाळपासनं मी रानच फिरतोय.

केशरबाई: मग? घावली का?

व्यंकट: न्हाय.

केशरबाई: मोठ्यानं म्हणा की.

व्यंकट: न्हाय घावली. वरच्या अंगाला सगळं काळंभोर हिरवं हाय. खालचं टोक वढ्याच्या पाण्यानं दरसाल पिवळंच पडतंय, त्याचं काय घेऊन बसायचं? पण गाठोडं खोटं न्हाय ना? मग तुम्ही हुशारी केली असणार. एका जागी न चोरता सगळ्या ओळींतनं थोडं थोडं कमी टाकलं.

केशरबाई: आता गं बया! म्हणजे पिवळं दिसलं तरी म्या चोर, हिरवं दिसलं तरी म्याच चोर.

व्यंकट: माझ्या दोन गाई ह्या मक्यावर हायत. अजून तुरा यायचाय. जे कमी पडलं ते आत्ता भरून काढायला पाहिजे. दुसरा हप्ता एक पोतं टाकणार होतो, आता दीड टाकतो. कोठीतनं पोती काढलीत मी. उजेड हाय तोवर वरनं सुरुवात करतो.

शिवलीला: नका टाकू!

व्यंकट: काय?

शिवलीला: नका टाकू पप्पा. वर तर नकाच. वर कमी पडलंच नाही काही.

व्यंकट: तुला काय ठावं?

शिवलीला: ते गाठोडं मी लपवलं.

व्यंकट: काय म्हणालीस?

शिवलीला: मी. आजीनं नाही. आजी तिच्या ओळी संपवून पाणी प्यायला विहिरीवर गेली, तेव्हा मी उरलेलं खत तिच्या धडप्यात बांधलं. पिशवी बियाण्याची होती. गंजीत मीच ठेवलं.

व्यंकट: खोटं बोलू नको. म्हातारीची कीव आली म्हणून स्वतःच्या अंगावर घेतीस व्हय?

शिवलीला: खोटं नाही. चला, दाखवते. निंबापासून ओळी मोजा. पहिल्या चार ओळींना खत आहे. पाचवीपासून बाविसावीपर्यंत एक चिमूटही टाकली नाही. अठरा ओळी. पाचवीच्या आणि बाविसावीच्या पहिल्या झाडाला, बुडाशी, लाल लोकर बांधली आहे.

व्यंकट: लोकर?

शिवलीला: कार्यानुभवाच्या तासाची उरलेली.

केशरबाई: जावा व्यंकटराव, बघा.

व्यंकट: ...दोन... तीन... चार. ही पाचवी. पानं बाजूला कर, शिवे. धर ती.

शिवलीला: ही बघा.

व्यंकट: व्हय. लोकर हाय.

केशरबाई: तांबडी हाय का?

व्यंकट: तांबडीच हाय. पण सकाळी मी ह्या ओळीतनं दोनदा गेलो. ही चौथी, खत टाकलेली. ही पाचवी, न टाकलेली. उंची तेवढीच. पान तेवढंच रुंद. रंग बी... शिवे, ह्यात फरक कुठं हाय?

शिवलीला: तेच म्हणते मी, पप्पा. नाहीच फरक.

व्यंकट: असं कसं हुईल? मका हाय ती. खताबिगर एवढी काळी पडती व्हय?

शिवलीला: खताशिवाय नाही. तुम्ही आता टाकलेल्या खताशिवाय. आधीचं शिल्लक होतं रानात.

व्यंकट: कुणी सांगितलं?

शिवलीला: शाळेतल्या अर्पिता मॅडमनी. त्या म्हणाल्या, झाडाला जे नत्र लागतं, ते सगळं दरवर्षी पोत्यातनंच येतं असं नाही. आधीच्या पिकानं खाल्लं नाही तर ते मातीतच राहतं. पण डोळ्यांना दिसत नाही. एक तर माती तपासायची, नाहीतर एक पट्टा उपाशी ठेवून बघायचा, तो पिवळा पडतो का. वहीत लिहून आणायला सांगितलं होतं. घरी विचारून.

व्यंकट: घरी विचारून! मग विचारलंस का?

शिवलीला: विचारलं होतं. तुम्ही मोटारीचा फ्यूज बांधत होता. म्हणालात, शाळेतलं शाळेत ठेव. मका गेली तर गाईपुढं तुझी वही टाकू का?

केशरबाई: हे मातुर तुमीच म्हणला आसणार, व्यंकटराव. बोलनं वळखू येतंय.

व्यंकट: म्हणून चोरून केलंस? आणि केलंस ते केलंस, वर लपवलंस?

शिवलीला: कोठीत ठेवलं असतं तर तुम्ही उरलेलं बघून विचारलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच ओळींना टाकून घेतलं असतं.

व्यंकट: टाकलंच असतं! माझ्या बापानं एकरी दोन पोती टाकली, मी दोन टाकतो. दोन हप्त्यांत. पीक चुकलं न्हाय कधी.

केशरबाई: चुकलं न्हाय? खरं बोला. मागल्या साली कांदा कुटं गेला मग?

व्यंकट: कांद्याचं रोप करपलं, त्यात खताचा काय दोष?

केशरबाई: दोष कोन म्हणतंय? म्या म्हणती, खत कुटं गेलं? कांद्याला तुमी मुठी भरभरून टाकलं. म्याच टाकलं की तुमच्या सांगण्यानं. आन रोप तीन हिश्शांतलं दोन हिस्सं मेलं. ते खत कुणी खाल्लं? शंभर माणसाचा सयपाक केला आन पंगतीला तीसच माणसं बसली. बाकीचं कुटं जातंय? पातेल्यातच ऱ्हातंय. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा शंभर माणसाची चूल पेटवता का? आधी पातेली उघडून बघता न्हवं?

शिवलीला: आजी, मॅडमनी पण असंच काहीतरी सांगितलं होतं. पण एवढं नीट नाही.

केशरबाई: आन वरनं मेंढरं बसवली. ती इसरलात? सोनारीच्या जत्रंतनं परत जाताना ते धनगर आले, तुमी चार रातीला कळप बसवला. त्येंना ज्वारी मोजून दिली ती म्याच. दोनशे मेंढरं हुती. लेंड्या आन मूत चार रात जिरलं ह्या मातीत.

व्यंकट: वरच्या अंगालाच बसवली होती. खाली ओल होती.

केशरबाई: तर. म्हणजे कांद्याची शिल्लक, मेंढराची शिल्लक, आन त्याच्यावर तुमचं पोतं. म्हणून तर काळी पडलीय ही. मऊ पडलीय बघा, पान दाबून. एक वारं आलं की लोळंल.

व्यंकट: मातीची पत्रिका हाय की घरात. कपाटात. त्यात लिहिलंय नत्र कमी म्हणून.

शिवलीला: ती कांद्याच्या आधीची आहे, पप्पा. तारीख बघितली मी. त्यानंतर रानात काय काय झालं, ते तिला कसं माहीत असणार?

व्यंकट: लई शहाणी झालीस.

शिवलीला: नाही.

व्यंकट: न्हाय तर काय? बापाला शिकवतीस. एवढी शहाणी हायस तर हे सांग. काल सांच्याला डेअरीवर तू कुठं होतीस? माझ्या शेजारी उभी होतीस. किटली घेऊन. मी ते गाठोडं काट्यावर ठेवलं तेव्हा हातभर लांब होतीस माझ्यापासनं. तेव्हा कुठं गेली होती तुझी अक्कल?

शिवलीला: मला वाटलं, घरी गेल्यावर सांगू.

व्यंकट: मग?

शिवलीला: घरी तुम्ही जेवलाच नाहीत. मम्मी म्हणाली, पप्पांना आज काही बोलू नको. मग वाटलं, सकाळी सांगू. सकाळी तुम्ही रानात आलात. मग मला वाटलं, तुम्हाला ओळी सापडतील, तुम्हाला आपोआप कळेल. मग सांगावं लागणार नाही.

व्यंकट: आणि आपोआप कळलं न्हाय. कारण तुझ्या ओळी पिवळ्याच पडल्या न्हाईत.

शिवलीला: हो.

केशरबाई: शिवे.

शिवलीला: काय आजी?

केशरबाई: म्या तुझ्याकडं बघितलं हुतं गं, त्या टायमाला. सगळी हसत हुती आन म्या म्हणलं, ही पोर हुती माज्यासंगं, ही तरी बोलंल. तू किटलीचं झाकण बघत हुतीस.

शिवलीला: हो.

केशरबाई: रातभर तेच झाकण दिसलं मला.

शिवलीला: आजी, मला...

केशरबाई: ऱ्हाऊ दे. रडू नको. रडली की माणसं म्हणत्यात लेकरू हाय, आन गोष्ट तिथंच संपती. ही आज संपली न्हाय अजून.

व्यंकट: थांबा दोघी. मी जरा खालच्या टोकाला जाऊन येतो, तिथलं पिवळं नुसतं वढ्याच्या पाण्यानं हाय का बघतो.

शिवलीला: मी पण येते.

व्यंकट: ये की. ये, बघ. तुझी अठरा ओळींची शाळा खाली कशी भरलीय ती बघ.

केशरबाई: हळू चला. चिखुल हाय.

व्यंकट: हे बघ. ही बाविसावी. खालची पानं बघ. शेंड्यापासनं मधल्या शिरेनं पिवळं आत घुसलंय. ही एकविसावी, तसंच. विसावी, तसंच. आणि ही तेविसावी, खत टाकलेली. पिवळी हाय, पण एवढी न्हाय. सकाळी मी इकडं बघितलंच न्हाय, दरसालचं म्हणून. तू कधी आलतीस का हितं?

शिवलीला: नाही.

व्यंकट: का?

शिवलीला: चिखल होता. चप्पल रुतायची. मी निंबाखालूनच बघून वहीत लिहायचे, सगळ्या ओळी हिरव्या.

व्यंकट: निंबाखालनं! ही घ्या तुमची तपासणी. वरची चार झाडं बघायची आणि अख्ख्या रानाचं लिहायचं. आणि मला म्हणते पत्रिका जुनी. अगं, माझी तारीख चुकली, तुझी जागा चुकली.

शिवलीला: पण एकाच ओळीत वर हिरवं आणि खाली पिवळं कसं? कांद्याचं खत तर इथंही टाकलं होतं.

व्यंकट: मेंढरं हितं बसली न्हाईत.

शिवलीला: तरी कांद्याचं राहायला पाहिजे होतं.

केशरबाई: आखाडात काय झालं हितं, आठवा. वढा फुगला आन तीन दिस गुडघ्याएवढं पानी उभं हुतं. उरलेलं पातेलं झाकून ठिवलं तर ऱ्हातंय. पानी ओतलं आन बुडाला भोक आसलं तर काय ऱ्हातंय?

शिवलीला: म्हणजे पाण्याबरोबर वाहून गेलं.

केशरबाई: काय वाहून गेलं, काय खाली झिरपलं, मुळ्या पोचत न्हाईत तितं. ह्या टोकाच्या ओळी खरंच उपाशी हायत, लेकरा. ह्येंना भाकर पायजे. आजच्या आज.

शिवलीला: मी उपाशी ठेवलं त्यांना.

व्यंकट: व्हय, तूच. आणि वरच्यांना मी दीड पोतं अजून घालून फुगवणार होतो. मी बी शहाणाच.

केशरबाई: तुरा यायच्या आत खत गेलं तर सावरत्याल. उशीर न्हाय झाला.

व्यंकट: मग आता असं करू. वर काहीच टाकायचं न्हाय. दर आठ दिवसांनी रंग बघायचा. खाली मात्र आजच, ह्या टोकापासनं पंचवीस पावलं वरपर्यंत. मका निघाली की पुढच्या पेरणीआधी माती तपासायला न्यायची. वरची वेगळी, खालची वेगळी.

शिवलीला: दोन पिशव्या. दोन चिठ्ठ्या.

व्यंकट: आणि चिखलात जाऊन काढायची माती, निंबाखालनं न्हाय. चला. आता तुम्ही बी मनावर घेऊ नका. उद्यापासनं या कामाला, नेहमीसारखं. म्हणजे, आजच या. हितं खत टाकायचंय, तुमच्याच चिमटीनं.

केशरबाई: काम काय, आज बी हाय आन उद्या बी हाय. हात हायत तवर काम हाय. माज्या नावाचं काय?

व्यंकट: सांगतो की मी लोकांना.

केशरबाई: कुणाला?

व्यंकट: चार माणसांना सांगतो, पसरतंय आपोआप.

केशरबाई: काल चार माणसात न्हाय पसरलं. काल काटा हुता, रांग हुती, समद्यांच्या हातात किटल्या हुत्या. जितं सांडलं तितंच पुसा, व्यंकटराव.

व्यंकट: म्हणजे काय करू? सगळ्यांपुढं उभा राहून म्हणू, माझ्या पोरीनं लपवलं? उद्या शाळेत पोरं तिला काय म्हणतील?

केशरबाई: म्या कुटं म्हणलं तिचं नाव घ्या? कसं बी सांगा. माजं नाव त्यातनं काढा, एवढंच.

व्यंकट: मग मी म्हणतो, माझीच चूक झाली. मीच ठेवलं होतं गंजीत, कोठी गळती म्हणून, आणि इसरलो. झालं. माझ्यावर येऊ दे. दोन दिवस हसतील, सोडून देतील.

केशरबाई: म्हणा तसं. मला चालंल.

शिवलीला: लोकांना पटेल का ते?

व्यंकट: का न्हाय पटणार?

शिवलीला: ते म्हणतील, व्यंकटदादाला म्हातारीची दया आली. म्हणून पांघरूण घातलं. आजीला पुन्हा चोरच म्हणतील, फक्त हळू.

व्यंकट: तुला नको त्या गोष्टी कळायला लागल्यात.

शिवलीला: मघाशी तुम्हीच म्हणालात ना, म्हातारीची कीव आली म्हणून अंगावर घेते का? तुम्हाला मीच खरं सांगितलं तरी पटलं नव्हतं. लोकर बघितल्यावर पटलं.

व्यंकट: मग आता काय लोकांना लोकर दाखवू?

केशरबाई: आगं, आगं, कुटं चाललीस? व्यंकटराव, पोर बघा तिकडं. वर निंबाकडं निघाली.

व्यंकट: शिवे! पायांत चप्पल घाल, काटं हायत बांधावर! शिवे!

केशरबाई: गाठोडं उचललं तिनं. चला बिगीबिगी.

व्यंकट: ए, ठेव ते खाली. ठेव म्हणलं ना! गाडी यायला आली असंल. दूध घालून येतो मी, तू घरी जा.

शिवलीला: मी डेअरीवरच चालले आहे.

व्यंकट: हे घेऊन?

शिवलीला: हो. काल तुम्ही जिथं ठेवलं होतं तिथंच ठेवते. काट्यावर.

व्यंकट: आणि काय म्हणणार?

शिवलीला: पाचवी ते बाविसावी. कुणाला पटलं नाही तर रानात या आणि मोजा म्हणणार. लोकर आहे अजून. आणि खाली पिवळं पडलं ते पण सांगणार.

व्यंकट: ते कशाला सांगतीस?

शिवलीला: ते पण मीच केलं ना.

केशरबाई: लेकरा, इकडं बघ. माज्याकडं बघ. आता किटलीचं झाकण न्हाय बघायचं. भ्या वाटतंय का?

शिवलीला: हो.

केशरबाई: लई?

शिवलीला: काल आजी तू एकटी उभी होतीस. तुला वाटलं होतं का?

केशरबाई: वाटलं हुतं.

व्यंकट: ...काकू.

केशरबाई: जी.

व्यंकट: तुम्ही बी चला डेअरीवर. तिच्यासंगं उभ्या राहा. माझं जे बोलायचं ते मी तिच्यानंतर बोलतो, तुमच्यापुढं, सगळ्यांपुढं. खत टाकायला सावकाश येऊ, अंधार पडायला अजून येळ हाय.

केशरबाई: चला.

व्यंकट: शिवे, आण इकडं ते. जड हाय. माझ्याकडं दे.

शिवलीला: नको पप्पा. हे मीच नेते. तुम्ही किटली घ्या.